५ जानेवारी १७०९: पण कुठल्या कॅलेंडरची?



मागच्या सहामाहीत एका प्रकरणाच्या खर्ड्यात मी मोठ्या दिमाखात लिहिलं होतं, '५ जानेवारी १७०९ च्या एकाच रात्री फ्रान्स आणि इंग्लंड गोठले.' गाईडनी खाली पेन्सिलने रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "कुठल्या कॅलेंडरची ५ जानेवारी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. संशोधनाकडे वळणाऱ्यांना ही चूक आधीच माहीत असावी, म्हणून आजची पोस्ट.

आधी घटना बघू. १७०८-०९ चा हिवाळा फ्रान्समध्ये 'मोठा हिवाळा' म्हणूनच ओळखला जातो. नद्या गोठल्या, व्हेनिसभोवतीचं खारं पाणी इतकं गोठलं की लोक त्यावरून चालत गेले. मध्येच थोडं ऊन पडून बर्फ वितळला आणि पुन्हा कडाका आला. बर्फ हे पिकाचं पांघरूण असतं. ते गेल्यावर शरद ऋतूत पेरलेला गहू जमिनीतच मेला. पुढे दुष्काळ आणि साथी आल्या. १७०९-१० मध्ये फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे ६ लाख मृत्यू जास्त झाले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

आता माझी चूक. फ्रेंच नोंदींनुसार थंडीची लाट ५-६ जानेवारीच्या रात्री आली. लंडनजवळच्या अपमिन्स्टरचे पाद्री विल्यम डेरहॅम रोज तापमान नोंदवत. त्यांच्याकडे नीचांक ५ जानेवारीचा, आजच्या मापात सुमारे उणे १२ अंश सेल्सिअस. तारीख तीच, म्हणजे रात्रही तीच, असं मी धरून चाललो. पण फ्रान्समध्ये ग्रेगोरियन कॅलेंडर होतं आणि इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत ज्युलियन. फरक ११ दिवसांचा. म्हणजे डेरहॅम यांची ५ जानेवारी ही फ्रान्सची १६ जानेवारी! शिवाय इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे हाच जानेवारी काही कागदांत '१७०८' म्हणून सापडतो.

स्वीडनची तर आणखी गंमत. तिथे १७०० ते १७१२ ज्युलियनपेक्षा एक दिवस पुढचं स्वतंत्र कॅलेंडर होतं. याच हिवाळ्यात युक्रेनमध्ये गारठून खिळखिळी झालेली स्वीडिश फौज पुढे पोल्टाव्हाला हरली. ती लढाई रशियन कागदांत २७ जून, स्वीडिश कागदांत २८ जून आणि आजच्या पद्धतीने ८ जुलै १७०९.

हे आपल्याला परकं नाही. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही ज्युलियन आहे; ग्रेगोरियनने तो दिवस १ मार्च येतो.

दुसरा सापळा 'सर्वात थंड' या शब्दात आहे. २००४ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या लुटरबाखर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात १७०८-०९ हा युरोपचा ५०० वर्षांतला सर्वात थंड हिवाळा ठरला. पण गॉर्डन मॅन्ली यांनी जुळवलेल्या मध्य इंग्लंडच्या, १६५९ पासूनच्या तापमान-मालिकेत पहिला नंबर १६८३-८४ चा लागतो, सरासरी उणे १.२ अंश. मग खरं काय? दोन्ही. एक प्रश्न अख्ख्या खंडाचा, दुसरा इंग्लंडच्या एका भागाचा. शिवाय १७२२ पर्यंतचे बहुतेक मासिक आकडे अर्ध्या अंशापर्यंतच दिलेत. त्यामुळे त्या काळातल्या दोन हिवाळ्यांत ०.१ चा फरक दिसला, तर त्यावर निष्कर्ष उभा करू नका.

म्हणून आता डेटा-शीटमध्ये मी तीन जादा रकाने ठेवतो: मूळ कागदावरची तारीख जशीच्या तशी, तिचं कॅलेंडर, आणि रूपांतरित तारीख. मूळ तारीख कधीही पुसायची नाही. रूपांतर चुकलं तर परत जायला जागा हवी.

माझं ते दिमाखदार वाक्य अर्थातच गेलं. त्याच्या जागी आलेला प्रश्न मात्र जास्त कामाचा निघाला: फ्रान्समध्ये लाट आली त्या रात्रीपासून अपमिन्स्टरच्या नीचांकापर्यंतच्या ११ दिवसांत युरोपच्या हवेत नेमकं काय चाललं होतं? सध्या त्याच्याच मागे आहे.