पैनगंगेच्या दोन तीरांचे दोन स्वातंत्र्यदिन

आपल्या घराघरांत भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेकडे जरा निरखून पाहिले, तर एक गंमत ध्यानात येते. गुढीपाडवा, नागपंचमी, पोळा, दसरा, दिवाळी हे आपले सारे सण तिथीने येतात. चंद्र जसा सरकेल तसे तेही मागेपुढे सरकतात, आणि दर वर्षी घरातील वडीलधाऱ्यांना 'यंदा दिवाळी केव्हा हो?' असे विचारावे लागते. स्वातंत्र्यदिनाला मात्र असे काही विचारावे लागत नाही. तो तारखेने येतो. त्याला ना नैवेद्य ठरलेला, ना व्रतकथा. सकाळी झेंडावंदन, मुलांच्या हातांत जिलबीचा द्रोण आणि दुपारी सुट्टी, एवढाच त्याचा विधी. सणाला कहाणी असते आणि ती आजी सांगते. या दिवसालाही कहाणी आहे. पण ती सांगायचे काम आपण शाळेच्या पुस्तकावर सोपवून मोकळे झालो आहोत.

हे सुचायला एक निमित्त झाले. मी वाशीमला मराठी शिकवतो. निबंधाच्या तासाला फळ्यावर 'आपला स्वातंत्र्यदिन' असा विषय लिहिला, तशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, कोणता लिहू? इथला की मामाच्या गावचा?" वर्ग हसला, पण मुलगी गंभीर होती. तिचे आजोळ पैनगंगेपलीकडे, हिंगोली जिल्ह्यात. तिथे पंधरा ऑगस्टला झेंडा लागतो, तसाच सतरा सप्टेंबरलाही लागतो. आपल्याकडे सतरा सप्टेंबरला रोजच्यासारखे तास होतात. मुलीचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर एका तासात मावणारे नव्हते.

आधी पंधरा ऑगस्ट ही तारीख कुठून आली ते पाहू. ब्रिटनचे पंतप्रधान अ‍ॅटली यांनी २० फेब्रुवारी १९४७ रोजी जाहीर केले होते की, जून १९४८ पर्यंत हिंदुस्थानची सत्ता हिंदी लोकांच्या हाती सोपवली जाईल. नवे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांनी ही मुदत एकदम दहा महिन्यांनी अलीकडे ओढली. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली होती आणि आग्नेय आशियातील दोस्त फौजांचे सरसेनापती स्वतः माउंटबॅटन होते. त्या विजयाच्या दुसऱ्या वाढदिवसाची तारीख त्यांनी आपल्या देशासाठी निवडली. म्हणजे आपल्या सर्वांत मोठ्या राष्ट्रीय दिवसाची तारीख ही एका परक्या सेनानीच्या आठवणीतून आलेली आहे!

पंचांग पाहणाऱ्यांना ती मुळीच पसंत नव्हती. तेव्हा अधिक श्रावण चालू होता. धोंड्याचा महिना हा जावयाला अनारसे वाढायचा, मंगलकार्याचा नव्हे. त्यातून वद्य पक्ष संपत आलेला आणि अमावास्या तोंडावर. ज्योतिष्यांनी कुरकुर केली. शेवटी १४ ऑगस्टच्या मध्यरात्री घटना समितीची बैठक भरली आणि बाराचे टोले पडताच देश स्वतंत्र झाला. इंग्रजांची तारीख रात्री बाराला पालटते आणि आपला वार सूर्योदयाला. दोघांचेही समाधान झाले, असे म्हणायला हरकत नाही.

पण आपल्या लोकांनी स्वतः निवडलेला स्वातंत्र्यदिन यापूर्वीच होऊन गेला होता. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. वर्ष संपता संपता, मध्यरात्री रावीच्या काठी तिरंगा फडकला, आणि २६ जानेवारी १९३० हा रविवार देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळावा असे ठरले. त्या दिवशी गावोगाव लोकांनी एकत्र जमून एक प्रतिज्ञा वाचली. स्वातंत्र्य हा आमचा हक्क आहे आणि परक्या राज्याने आमची आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक व आत्मिक नागवणूक केली आहे, असा तिचा आशय होता. स्वातंत्र्य हाती नसताना स्वातंत्र्यदिन पाळायचा, हे वाग्दानानंतर लग्नाची वाट पाहण्यासारखे होते. पुढे सतरा वर्षे लोकांनी ती वाट पाहिली. ती तारीख विसरली जाऊ नये म्हणूनच २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेली राज्यघटना दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० पासून पूर्णपणे अमलात आणली गेली.

त्या प्रतिज्ञेचा अर्थ आपल्या वऱ्हाडाने कृतीने लावला. मीठ पिकवायला इथे समुद्र कुठला? पण अकोला जिल्ह्यातील दहीहांड्याला खारे पाणी होते. तिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. मिठाच्या जागी गवताची पेंढी आली, पण कायदेभंग तोच.

आता आपल्या भागाची एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. ती पुष्कळांना ठाऊक नसते. वऱ्हाड हा प्रांत कागदोपत्री निजामाचाच होता. १८५३ च्या तहाने निजामाने तो इंग्रजांकडे सोपवला. १९०२ मध्ये सालिना पंचवीस लाख रुपयांवर तो इंग्रजांना कायमचा पट्ट्याने दिला गेला आणि पुढल्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. १९३६ मध्ये नवा करार होऊन निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. एखाद्याने वाडा भाड्याने द्यावा, भाडेकरूने तो आपलासा करावा, आणि मालकाच्या मुलाने मात्र दारावरच्या पाटीवर आपले नाव लावून समाधान मानावे, तसा हा प्रकार होता. वाड्यात राहणाऱ्या माणसांना कोणीच काही विचारले नव्हते. वाशीमचेच पाहा. इंग्रजांनी १८७५ साली वाशीम जिल्हा केला, १९०५ साली मोडून अकोल्याला जोडला. तो पुन्हा जिल्हा झाला तो थेट १९९८ मध्ये.

इंग्रज जाणार म्हटल्यावर मालकाला वाडा आठवला. जुलै १९४७ मध्ये निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीस गेले, तेव्हा वऱ्हाड परत मिळावे हा विषय त्यांनी पुढे ठेवला. वऱ्हाडात आहे तीच व्यवस्था चालू राहावी असे ठरले आणि १५ ऑगस्टला वाशीम, मंगरूळपीर, कारंजा, रिसोड या गावी तिरंगा लागला. कागदावरचा करार एका बाजूला ओढला गेला असता, तर आज आपणही सतरा सप्टेंबरच पाळत असतो. आपले स्वातंत्र्य किती बारीक धाग्यावर होते, हे यावरून कळते.

पैनगंगेपलीकडे मात्र ती सकाळ उजाडलीच नाही. या नदीला पावसाळा सोडला तर उतार आहे; गुरे चारणारी पोरे सहज पलीकडे जातात. दोन्ही काठांची बोली एक, सोयरीक एक, पेरा एक. पण अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. अलीकडे इंग्रजी साल, पलीकडच्या दप्तरात फसली. अलीकडची माणसे पलीकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. तिथे उच्च शिक्षण उर्दूतून होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला शिकायचे तर परक्या भाषेच्या दारातूनच जावे लागे. सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण त्रेपन्न' या हुकमाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढून टाकले गेले, तेव्हा त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक.

हैद्राबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक. हिप्परग्याच्या व अंबाजोगाईच्या शाळांतून त्यांनी मुले घडवली होती. निजामाने स्वतंत्र राहण्याचा पवित्रा घेतल्यावर त्यांनी तिरंगा लावण्याचा सत्याग्रह पुकारला आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजीच त्यांना अटक झाली. सारा देश स्वातंत्र्य साजरे करीत असताना तिरंगा लावणे हा पलीकडे गुन्हा होता! पुढे कासीम रझवीच्या रझाकारांनी खेडोपाडी धुमाकूळ घातला. माणसे घरेदारे सोडून नदी ओलांडून वऱ्हाडात आली. अलीकडच्या तीरावर उमरखेडसारख्या गावी सरहद्दीचे कॅम्प उभे राहिले आणि तिथून तरुण मंडळी पलीकडे जाऊन लढू लागली. वसमतकडील वापटी गावच्या बहिर्जी शिंदे यांनी या लढ्यात देह ठेवला. वसमतच्या महाविद्यालयाने त्यांचे नाव आजही मिरवले आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैद्राबाद संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाने युद्धबंदीचा हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. तो १७ सप्टेंबरचा दिवस पंचांगाप्रमाणे अनंत चतुर्दशीचा होता. पहिल्या स्वातंत्र्यदिनाचा वार शुक्रवार होता, दुसऱ्याचाही शुक्रवारच. मध्ये तेरा महिने आणि एक नदी.

ही हकीगत सांगताना एक गोष्ट गाळली तर ती अर्धी राहील. हा लढा हिंदू-मुसलमानांचा नव्हता. तो प्रजेचा आणि सत्तेचा होता. रझाकारांविरुद्ध लेखणी चालवणारे 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्ला खान हे मुसलमान होते आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हैद्राबादेत हत्या झाली. उलट, पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि संस्थानाच्या इतर भागांत अनेक निरपराध मुसलमानांचे बळी गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ते पाहून सरकारला अहवाल दिला. तो कित्येक वर्षे लोकांपुढे आला नाही. मुक्तीचा दिवस सर्वांना सारखाच उजाडला नाही, हे कबूल केल्याने त्या दिवसाचे मोल कमी होत नाही. ज्या दिवसाकडे डोळे उघडे ठेवून पाहता येते, तोच खरा आपला.

मी भाषेचा शिक्षक, तेव्हा शब्दांपाशी थोडा थांबतो. अलीकडच्या तीरावर 'स्वातंत्र्यदिन', पलीकडे 'मुक्तिसंग्राम दिन'. मुक्ती म्हणजे सुटका. कोणापासून तरी, कशापासून तरी. ती एका दिवसात होऊ शकते, आणि तिची तारीख सांगता येते. 'स्वतंत्र' या शब्दात मात्र 'तंत्र' आहे. तंत्र म्हणजे व्यवस्था, घडी, आणि मूळ अर्थाने विणकराचा मागसुद्धा. स्वतःची घडी स्वतः बसवणे, ते स्वातंत्र्य. त्याला तारीख नसते; ते रोज विणावे लागते. १९३० च्या प्रतिज्ञेत मागितले होते ते हे. सुटका १९४७ ला झाली, पलीकडे १९४८ ला. विणकाम १९५० ला सुरू झाले आणि अजून मागावरच आहे.

त्यातील काही धागे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. निजामाच्या काळी पूर्णेहून आलेली रेल्वे हिंगोलीला येऊन थांबली होती; ती वाशीम-अकोल्याकडे जोडली गेली ती स्वातंत्र्यानंतर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा एकाच राज्यात आले आणि १ मे १९६० पासून दोघेही महाराष्ट्राचे झाले. हिंगोलीच्या रस्त्यावर नदीकाठच्या कान्हेरगावला आजही लोक 'कान्हेरगाव नाका' म्हणतात. गाडीने जाताना कोणी थांबवत नाही, कोणी गाठोडे सोडायला लावत नाही. नाक्याचे नाव तेवढे उरले, अडवणूक गेली. स्वातंत्र्याची याहून सोपी व्याख्या मला तरी मुलांना सांगता येत नाही.

म्हणून त्या मुलीला मी सांगितले, "दोन्ही लिही." तिने लिहिले, आणि त्यासाठी मामाच्या घरी जाऊन पणजोबांना विचारून आली. ही गोष्ट आपल्या सर्वांना करता येण्याजोगी आहे. १९४८ साली दहा वर्षांची असलेली मुले आज पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहेत. रात्रीतून नदी ओलांडल्याचे, कॅम्पात भाकरी पोचवल्याचे, पहिला झेंडा पाहिल्याचे ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी आठवते, अशी माणसे आता थोडी उरली आहेत, आणि दर दिवाळीला ती कमी होत आहेत. पंधरा ऑगस्टची कहाणी पुस्तकांनी जपली. सतरा सप्टेंबरची पुष्कळशी कहाणी अजून ओसरीवर, बाजेवर बसलेली आहे.

यंदा भाऊबीजेला पैनगंगेच्या या तीरावरून त्या तीरावर पुष्कळ ताटे जातील, पुष्कळ भाऊ येतील. फराळ झाल्यावर, मुलांना जवळ घेऊन, घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला एवढेच विचारावे: 'तुमच्याकडे झेंडा केव्हा लागला?' आणि मग मध्ये न बोलता ऐकत बसावे.