श्रीमंत वस्तीचे स्वरूप आणि मराठी साहित्य

महानगरातील श्रीमंत वस्तीचे स्वरूप केवळ संपत्तीने ठरत नाही. उंची, अंतर आणि एकांत यांवरील ताब्याने ते ठरते. मुंबईतील मलबार हिल हे याचे ठळक उदाहरण होय. या टेकडीवर वाळकेश्वर व बाणगंगा ही तीर्थस्थाने पूर्वीपासून होती. वाळकेश्वराचे देवालय १७१५ मध्ये रामा कामत यांनी पुन्हा उभारले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नरांचे निवासस्थान परळहून येथे आले आणि तीर्थाची टेकडी सत्तेची व धनिकांचीही झाली.

मराठी साहित्यात मात्र या वस्तीचे अंतरंग क्वचितच उमटते. नाशिकजवळच्या विहितगावचे बाबूराव बागूल (‘मरण स्वस्त होत आहे’, १९६९), नारायण सुर्वे (‘माझे विद्यापीठ’, १९६६) आणि नामदेव ढसाळ (‘गोलपिठा’, १९७२) यांनी महानगर पाहिले ते तळातून. दिंडोरीसारख्या तालुक्यातील वाचकाला मुंबई भेटते तीही प्रामुख्याने अशीच. वस्तुतः घरकाम करणारे, पहारा देणारे, मोटारी चालविणारे मराठी भाषक ही टेकडी रोज चढतात. श्रीमंतीचे सर्वांत जवळचे साक्षीदार तेच. परंतु त्यांची साक्ष बव्हंशी अलिखित राहिली. महानगरीय साहित्याच्या अभ्यासाने या मौनाचीही दखल घ्यावयास हवी.