गोहरबाईंच्या आधीचा हिशेब

बालगंधर्वांची गोष्ट आपल्याकडे ठरलेल्या वळणाने सांगितली जाते. लहानग्या नारायण राजहंसाचं गाणं ऐकून लोकमान्यांनी दिलेलं नाव, किर्लोस्कर मंडळीतली शकुंतला, मग भामिनी, रुक्मिणी, सिंधू. मग वैभव, अत्तरं, पैठण्या. मग कर्ज. आणि शेवटी गायिका गोहरबाईंविषयी एक वाक्य, बहुधा आवाज खाली आणून उच्चारलेलं: गोहर आली आणि सगळं संपलं. हे वाक्य इतक्या जणांनी इतक्या वेळा म्हटलं आहे की आता ते इतिहासासारखं वाटतं. ते इतिहास नाही. साल-तारखा नुसत्या ओळीने मांडल्या तरी ते टिकत नाही.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८चा. १९०५च्या सुमाराला ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. स्त्री-भूमिकांत अवघ्या महाराष्ट्राला वेड लावणारे भाऊराव कोल्हटकर १९०१मध्ये गेले होते आणि मंडळीला त्यांची जागा भरून काढणारं कोणी मिळत नव्हतं. शाहू महाराजांचा आधार होता, भास्करबुवा बखल्यांची तालीम होती. १९११मध्ये खाडिलकरांचं 'मानापमान' आलं, गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी नटलेलं, आणि बालगंधर्व हे घराघरातलं नाव झालं.

'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाची हकिकत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी त्यांची मुलगी वारली, तरी प्रयोग रद्द झाला नाही. नारायणराव भामिनी होऊन रंगमंचावर उभे राहिले. रंगभूमीवरच्या निष्ठेचा दाखला म्हणून शंभराहून जास्त वर्षं ही हकिकत सांगितली जाते आणि ती निष्ठा खरीच होती. पण त्या घरात आणखी एक माणूस होतं. लक्ष्मीबाई, त्या मुलीची आई. त्या संध्याकाळी त्यांनी काय केलं, त्यांच्याजवळ कोण होतं, हे सांगणाऱ्याला सांगावंसं वाटत नाही आणि ऐकणाऱ्याला विचारावंसं वाटत नाही. रंगमंचावरच्या भामिनीच्या हसण्या-रुसण्याची इतकी वर्णनं आपल्याकडे आहेत आणि घरातल्या बाईविषयी दोन ओळी शोधाव्या लागतात. बालगंधर्वांच्या वारशाविषयी वाद घालताना मला नेहमी इथून सुरुवात करावीशी वाटते.

१९१३मध्ये गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. टेंबे लवकरच बाहेर पडले, पुढे बोडसही वेगळे झाले. नाटकं मात्र एकापेक्षा एक आली. १९१६ला भास्करबुवांच्या चालींचं 'स्वयंवर', १९१९ला गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. ते रंगभूमीवर आलेलं पाहायला गडकरी राहिले नाहीत. सिंधूची भूमिका बालगंधर्वांच्या टीकाकारांनीही वाचावी आणि त्यावर थांबावं अशी आहे. भरजरी शालूंसाठी ओळखला जाणारा नट इथे दळण दळणारी, ठिगळाच्या लुगड्यातली, उपाशी बाई झाला आणि प्रेक्षागृह रडलं. हा माणूस केवळ नटण्याच्या जोरावर मोठा झाला, हा आक्षेप सिंधूपाशी येऊन पुरता फिका पडतो.

मग आलं १९२०चं 'द्रौपदी'. खाडिलकरांचंच नाटक. त्यातल्या मयसभेसाठी, पडद्यांसाठी, दागिन्या-कपड्यांसाठी मंडळीने पाण्यासारखा पैसा ओतला. नाटकाने तो परत दिला नाही. मंडळी कर्जात बुडाली आणि १९२०च्या दशकाचा मोठा भाग ते कर्ज फेडण्यात गेला. त्यातच ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. तीन महिन्यांत केशवराव गेले. एकीकडे लोकांचं प्रेम ओसंडून वाहत होतं, दुसरीकडे सावकार दारात होते. तरीही साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष हवेतच, गालिचे-अत्तर हवंच, मंडळीतल्या प्रत्येकाचं पान नीट वाढलं गेलंच पाहिजे. प्रेक्षकांना 'अन्नदाते मायबाप' म्हणणाऱ्या या माणसाला त्यांच्यासमोर काही उणं ठेवणं जमत नव्हतं. पैशाचा व्यवहार त्यांना कळत नव्हता असं लोक कौतुकाने म्हणतात. व्यवहार न कळण्याची किंमत बिऱ्हाडातल्या सगळ्यांनी मोजली, हेही त्याच दमात म्हणायला हवं.

या साऱ्यात गोहरबाई कुठे आहेत? कुठेच नाहीत. मूळच्या विजापूर भागातल्या गोहरबाई कर्नाटकी, गायिका अमीरबाईंची बहीण, १९१०च्या आसपास जन्मल्या. 'द्रौपदी'च्या वेळी त्या दहा वर्षांच्या होत्या.

पुढची पंधराएक वर्षंही त्यांच्याविनाच गेली, आणि त्यांत काळ बदलला. १९३२ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्यात दुर्गा खोट्यांची तारामती लोकांनी पाहिली. १९३३ला नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या. त्याआधी हिराबाई बडोदेकर आपल्या बहिणींसह संगीत नाटकं करू लागल्या होत्या. बोलपटाने मंडळ्यांचे प्रेक्षक नेले आणि बाईचं काम बाईनेच करावं ही गोष्ट हळूहळू रीतसर झाली. बालगंधर्व स्वतः १९३५ला शांतारामबापूंच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले, पुरुषवेषात. वयाची पंचेचाळिशी उलटली होती. कॅमेरा त्यांना मानवला नाही. समोर माणसं बसलेली नसताना, वन्समोअर मिळणार नसताना गायचं कोणासाठी, हा त्यांचा पेच मला अगदी खरा वाटतो. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले, तोवर रंगभूमीच मोडकळीला आली होती.

गोहरबाई मंडळीत आल्या त्या यानंतर, १९३०च्या दशकाच्या अखेरीस. ग्रामोफोनवरून ऐकून ऐकून त्यांनी गंधर्व-गायकी गळ्यात मुरवली होती. मुसलमान, गाणाऱ्या घरातली, आणि बालगंधर्वांशी उघड नातं सांगणारी बाई. जुने सोबती दुरावले, काहींनी पाठ फिरवली, आणि वीस वर्षांपूर्वीच्या कर्जापासून बोलपटाच्या लाटेपर्यंत सगळ्याचा ठपका एका माणसावर ठेवता आला. त्यांच्या हातून चुका झाल्या नसतील असं मी म्हणत नाही. मंडळीचा कारभार त्यांच्याकडे आल्यावर खटके उडाले. पण मोडलेलं घर त्यांनी मोडलं नाही. ते आधीच मोडलं होतं.

वारशावरचा दुसरा वाद अधिक अवघड आहे. पुरुषाने रंगवलेली आदर्श स्त्री इतकी लोकप्रिय झाली की खऱ्या स्त्रिया तिचं अनुकरण करू लागल्या: पदर घेण्याची तऱ्हा, केसांतली फुलं, नथ. हे गौरवाने सांगितलं जातं. मला त्यात एक बोचणी दिसते. कुलीन घरातल्या बाईला रंगमंच बंद, गाणाऱ्या घरातल्या बाईला मान बंद, आणि बाईने कसं दिसावं हे ठरवणार रंगमंचावरचा पुरुष. यात बालगंधर्वांचा वैयक्तिक दोष नाही. ते त्या चौकटीतच वाढले आणि त्यांच्या पिढीला दुसरी वाट नव्हती. पण त्यांची स्त्री-भूमिका एवढी परिपूर्ण नसती तर रंगभूमीचं दार बायकांसाठी थोडं आधी उघडलं असतं का, हा प्रश्न विचारायला त्यांच्या भक्तांनी घाबरू नये. आणि गाण्याने नाटक गिळलं, हा जुना आरोप तर अर्धा प्रेक्षकांवर जातो. पहाटेपर्यंत वन्समोअर मागणारे तेच होते.

गाण्याबद्दल मात्र वाद संपतो. त्या जुन्या तबकड्यांतली तीन-तीन मिनिटं ऐकावीत. तानेची घाई नाही, लयीशी खेळणं असं की शब्द मागे राहील असं वाटावं आणि तो नेमका समेवर यावा. शब्दाचा अर्थ कुठेही सुटत नाही. शास्त्रीय मैफलीतल्या किती गवयांनी ही जागा उचलली, याची गणती नाही.

१९५५ला संगीत नाटक अकादमीचा सन्मान, १९६४ला पद्मभूषण. तोवर पाय निकामी झालेले बालगंधर्व मुंबईत माहीमला राहत होते आणि त्यांची उठबस करत होत्या गोहरबाई. लक्ष्मीबाई १९४०मध्येच गेल्या होत्या. पद्मभूषण मिळालं त्याच वर्षी गोहरबाईही गेल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, १५ जुलै १९६७ला बालगंधर्व. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर उघडलं. २०११ला सुबोध भावेंच्या चित्रपटाने नव्या पिढीला त्यांची ओळख करून दिली.

गोहरबाईंच्या तबकड्याही आहेत. त्या ऐकताना आपण 'किती हुबेहूब' एवढंच म्हणतो आणि थांबतो. बालगंधर्वांच्या गायकीवर आजही पुस्तकं लिहिली जातात. त्यांतल्या एखाद्या प्रकरणात गोहरबाईंच्या गाण्याचा गाणं म्हणून विचार व्हावा. नक्कल कुठे संपते, बाईच्या गळ्यात तीच लय कुठे वेगळी वळते, हे जाणकारांनी ऐकून लिहावं. तबकड्या संग्राहकांकडे आहेत, ऐकणारेही अजून आहेत.