पाय कोणत्या मापात संपतो?

मंडळी, आम्ही मजुरांच्या संघटनेत वावरलेली माणसे. शाळा लवकर सुटली, पुढचे गणित हजेरीपटाने आणि मोजणीच्या फीतीने शिकवले. तेव्हा आजचा विषय गणिताचा असला तरी आरंभ विहिरीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात एक विहीर खोदली गेली. व्यास २० फूट, खोली ४० फूट. मजुरी ब्रासवर ठरलेली. गुत्तेदाराने परीघ व्यासाच्या तिप्पट धरला, त्याला व्यासाच्या चौथाईने गुणून क्षेत्रफळ ३०० चौरस फूट काढले आणि खोदाई १२० ब्रास लावली. मजुरांना हिशेब खुपला, पण कोठे ते सांगता येईना. आम्ही बैलगाडीच्या चार फुटी चाकाभोवती दोरी गुंडाळली आणि तीच दोरी चाकाच्या व्यासावर टाकून मोजली. तीन वेळा बसून जवळजवळ सात इंच उरली. त्या सात इंचांपायी साडेपाच ब्रासांहून अधिक माती फुकट निघाली होती! अखेर बावीस सप्तमांशाने हिशेब झाला आणि १२५·७१ ब्रासांचे पैसे मिळाले.

तंटा मिटल्यावर एका म्हाताऱ्या मजुराने विचारले, "दादा, बावीस सप्तमांश तरी खरा का?" खरा नाही. तो किंचित जास्त आहे. त्या विहिरीत पाच घनफुटांनी, आणि तेही मजुराच्या बाजूने, म्हणून आम्ही गप्प बसलो होतो. आपल्याच मुलखातील चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ दिल्याचा शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत दोन्ही किमती दिल्या: सूक्ष्म हवी तर ३९२७ भागिले १२५०, म्हणजे ३·१४१६, आणि स्थूल, व्यवहारापुरती, २२ भागिले ७. स्थूलाला त्यांनी स्थूलच म्हटले, हा प्रामाणिकपणा आम्हांला फार आवडतो.

म्हाताऱ्याचा पुढचा प्रश्न अधिक खोल होता. ३·१४१५९ असे अंक संपतच नाहीत, हा दोष दहाच्या मोजणीचा तर नाही? जुन्या आण्यांत मोजले तर संपतील का?

शंका रास्त आहे. रुपयाचे तीन वाटे करा. दशमान नाण्यांत ३३ पैसे आणि पुढे तीनच तीन. पण १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या रुपयात १९२ पै होत्या. तिसरा हिस्सा ५ आणे १ पैसा १ पै, बिनचूक. म्हणजे एखादी संख्या संपते की लांबते, हे पुष्कळदा मापावर अवलंबून असते. बावीस सप्तमांश दहात ३·१४२८५७१४२८५७ असा फिरत राहतो. सातच्या पद्धतीत तो नुसता ३·१.

मग पाय मोजून पाहू. जुन्या नाण्यांत तो ३ रुपये २ आणे १ पैसा होतो आणि थोडे उरते, ते एका पैच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. (पाय आणि पै यांचे नाते नाही, पाय हे ग्रीक अक्षराचे नाव.) सातच्या पद्धतीत ३·०६६३६ असा निघतो. दोनच्या पद्धतीत ११·००१००१. थांबत कोठेच नाही.

का, ते पाहा. कोणत्याही पूर्णांकी पद्धतीत अंक संपले, किंवा तेच ते फिरू लागले, तर ती संख्या अपूर्णांक ठरते: वर एक पूर्ण संख्या, खाली दुसरी. आणि अपूर्णांक असणे हा संख्येचा स्वभाव. माप बदलल्याने तो बदलत नाही. १७६१ साली लाम्बर्टने सिद्ध केले की पाय असा अपूर्णांक नाहीच. त्या एका सिद्धतेने दहा, सोळा, साठ, सगळी दारे एकदम बंद झाली.

"मग परीघच एक धरा की!" म्हातारा म्हणाला. धरता येतो. मग व्यास ०·३१८३ असा लांबतो. त्याने मान हलवली आणि चुन्याची डबी काढली.

तरीही सगळ्या पद्धती सारख्याच असे मात्र नाही. १९९५ साली सोळाच्या पद्धतीसाठी एक सूत्र सापडले. त्या पद्धतीत पायचे अंक ३, मग २, ४, ३, १५ असे येतात. या सूत्राने अगोदरचे अंक न काढता दूरचा हवा तो अंक एकदम काढता येतो. दहाच्या पद्धतीसाठी तसले सूत्र हाती आलेले नाही. संगणकांनी दहाच्या पद्धतीतले अब्जावधी अंक काढले आहेत. पण त्यांत शून्यापासून नऊपर्यंतचे अंक शेवटपर्यंत सारख्याच प्रमाणात येतात की नाही, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.