माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर पुन्हा सुरात कसा आणायचा?

पुनर्विकासासाठी घर रिकामे करताना माळ्यावरून जुन्या चादरीत गुंडाळलेला रेकॉर्ड प्लेअर खाली येतो. सोबत दहा-पंधरा तबकड्या असतात. घरातल्या ज्येष्ठांचे डोळे चमकतात आणि कोणीतरी उत्साहाने प्लग लावून सुई तबकडीवर टेकवतो. घात होतो तो इथेच. यंत्र दुरुस्त करता येते, पण खराब सुईने खरवडलेली तबकडी पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून आधी यंत्र, मग तबकडी, हा क्रम पाळावा.

पहिली तपासणी प्लग काढूनच करा. जुन्या वायरचे आवरण तडकलेले असेल, तर ती बदलल्याशिवाय २३० व्होल्टचा प्रवाह जोडू नका. ज्या पेटीत अॅम्प्लिफायरही आहे, तिच्यातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही विद्युतभार धरून ठेवू शकतात. तो भाग जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवावा. थाळी, पट्टा आणि सुईची भुजा मात्र घरी हाताळता येते.

थाळी अलगद उचलली, की खाली रबराचा पट्टा किंवा रबरी चाक दिसते. पट्टा वर्षानुवर्षे ताणलेला राहिल्याने सैल पडतो, कधी डांबरासारखा चिकट होतो. तो बदलावाच लागतो. रबरी चाक एकाच जागी दाबून राहिले असेल, तर तिथे चपटे होते आणि प्रत्येक फेरीला ‘ढब’ असा आवाज येतो. जुने ग्रीस सुकून गोंद झालेले असते. ते पुसून काढावे आणि थाळीच्या आसाला व मोटरच्या बेअरिंगला शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब द्यावेत. खोबरेल तेल नको, ते थंडीत थिजते. पट्ट्याला किंवा रबरी चाकाला तेल लागता कामा नये, नाहीतर ते घसरू लागतात.

आता वेग. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला, तर सूर अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गातोय असे वाटते आणि वीस मिनिटांची बाजू मिनिटभर आधीच संपते. वेग तपासायला कागदाची स्ट्रोब चकती पुरते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावरचा निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. चकतीवर सारख्या अंतराने १८० रेघा असतील आणि वेग अचूक ३३⅓ असेल, तर त्या दिव्याखाली रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. त्या पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. अनेक एलईडी दिवे असे लुकलुकत नाहीत, त्यांच्या उजेडात ही चाचणी जमत नाही.

अमेरिकेतून आणलेल्या यंत्रांची आणखी एक गंमत आहे. तिथली वीज ६० हर्ट्झची. अशी जुनी सिंक्रोनस मोटर ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवली, तरी वेग पाच-षष्ठांशच राहतो. ३३⅓ ऐवजी सुमारे २८ फेरे! त्यासाठी मोटरवरची पुली बदलावी लागते.

सर्वांत नाजूक काम सुईचे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा चर रुंद असतो, तिच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन असते. १९४८ मध्ये आलेल्या एलपीच्या सुईची असते जेमतेम १८ मायक्रॉन. म्हणून जुन्या यंत्रांत सुई उलटवायची कळ असते. तिची बाजू पाहूनच तबकडी लावा. मोटर फिरते पण आवाजच नाही, असे असेल तर कार्ट्रिजवर संशय घ्यावा. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमधील रोशेल क्षाराचा स्फटिक दमट हवेत निकामी होतो. मुंबई-कोकणातले पावसाळे त्याला मानवत नाहीत. त्याजागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवता येते.

भुजेमागे वजन असेल, तर यंत्र सपाट ठेवून अँटिस्केटिंग शून्यावर आणा आणि भुजा तराजूच्या दांडीसारखी आडवी तरंगेपर्यंत वजन फिरवा. तिथे आकडा शून्यावर आणून मग कार्ट्रिजला सांगितलेला भार द्या. चुंबकीय कार्ट्रिजसाठी तो बहुधा दीड ते दोन ग्रॅम असतो. शेवटी अँटिस्केटिंगही तेवढ्याच आकड्यावर न्या. ‘हलका भार म्हणजे तबकडीची काळजी’ हा समज चुकीचा आहे. भार कमी पडला, की सुई चरात उड्या मारते आणि त्याच्या भिंती फोडते. बाजूच्या शेवटच्या गाण्यात ही चूक आधी ऐकू येते. कारण एलपीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर सरकतो, तर आतल्या टोकाला केवळ २१. तेवढ्याच स्वरांची वळणे तिथे दाटीने बसलेली असतात.

तबकडी पुसतानाही भेद लक्षात ठेवा. ७८ च्या बहुतेक तबकड्यांत लाख आहे आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यांना स्पिरिट कधीही लावू नये. पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून मऊ कापडाने चराच्या दिशेने पुसावे, मधला कागद भिजू देऊ नये आणि लगेच कोरडे करावे.

हे सारे झाले, की प्रथम एखादी टाकाऊ तबकडी वाजवून पाहा. पहिल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत आवाज स्वच्छ आला, तर आजीची आवडती तबकडी काढायला हरकत नाही. आणि ती लावताना आजीला शेजारी बसवा. सूर चढलाय की उतरलाय, हे स्ट्रोब चकतीच्याही आधी कदाचित तिलाच कळेल.