नवतपा संपला, आता खेळू? (एपिसोडचा लेखी उतारा)

आज कोडिंग नाही, ऊन. म्हणजे खेळताना लागणारं ऊन.

मागच्या वर्षी जूनमध्ये आमची टर्फवर क्रिकेट टूर्नामेंट होती. मेमध्ये मुद्दाम ठेवली नव्हती. नवतपा संपू दे, एक पाऊस पडू दे, मग खेळू, असा आमचा शहाणपणा. सूर्य मावळल्यावरची मॅच, पारा 35. नागपूरकराला 35 म्हणजे चिखलदराच! आमचा विकेटकीपर ओव्हर संपल्यावर भलत्याच बाजूला चालत गेला. आम्ही हसलो. थोड्या वेळाने स्कोअर विचारला तर काहीतरीच बरळायला लागला, मग पाय लटपटले.

तो बरा झाला. पण आपण धोका मोजतच चुकीच्या आकड्यावर होतो, हे मला नंतर कळलं.

बघा, घाम येऊन शरीर थंड होत नाही, घाम वाळून होतं. तुमचा कूलर आठवा. मेमध्ये झकास चालतो, आणि पाऊस पडला की नुसती चिकचिक. आपलं शरीर तोच कूलर आहे. म्हणून खेळासाठी 'वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर' बघतात: 70 टक्के वजन ओल्या कापडातल्या थर्मामीटरला, 20 टक्के उन्हात तापणाऱ्या काळ्या गोळ्याला, आणि साध्या पाऱ्याला फक्त 10 टक्के.

मी हिशेब करून पाहिला. सूर्य मावळलेला, म्हणून गोळा आणि हवा सारखीच तापलेली धरली. 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता: ओला पारा साधारण 23, एकूण साडेएकोणतीस. आता 35 अंश आणि 65 टक्के: ओला पारा 29 च्या वर, एकूण 31. म्हणजे आमची 'थंड' संध्याकाळ मेच्या संध्याकाळीपेक्षा वाईट होती! फिफा 32 ला मॅच थांबवून कूलिंग ब्रेक देते. (म्हणून मेच्या दुपारी खेळायला जाऊ नका राजेहो, उन्हात तो गोळा भयंकर तापतो.)

16 एप्रिल 2023 ला खारघरला पारा चाळिशीच्या खालीच होता. कार्यक्रमाला आलेले 14 जण उष्माघाताने गेले. ते तर खेळतही नव्हते, बसलेले होते.

दुसरी चूक ओळखण्यातली. उष्माघात म्हणजे कातडी कोरडी, असं आपण ऐकलेलं असतं. पळताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. खरी खूण डोक्यातली: बरळणं, चिडणं, दिशा चुकणं. आम्ही ज्यावर हसलो तीच. तेव्हा 108 ला फोन लावायचा, पण गाडीची वाट बघत बसायचं नाही. लगेच अंगावर पाणी, बर्फ, जमलं तर गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात, डोकं धरून. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. खिशातला कांदा आजीसाठी ठेवा.

आणखी एक, वर्षभर एसीत बसून थेट टूर्नामेंटला उतरू नका. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. सुरुवात अर्ध्या तासाने करा.

यंदा आमच्या टीमने वर्गणी काढून एक मोठा टब घेतलाय. मॅचच्या दिवशी बर्फाच्या लाद्या आणायची ड्युटी विकेटकीपरचीच आहे.