विद्युतधारेची उदाहरणे कशी सोडवावीत

शालान्त परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या वरवट बकालसारख्या गावीही संध्याकाळी ओट्याओट्यावर पुस्तके उघडली जातात, आणि विज्ञानाच्या पहिल्या भागातील विजेच्या प्रकरणापाशी येऊन पुष्कळ मुलामुलींचा हात थबकतो. व्याख्या पाठ असतात, सूत्रेही पाठ असतात. परंतु उदाहरण समोर आले की कोणते सूत्र कोठे लावावे ह्याचा उमज पडत नाही. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. तेव्हा विषयाच्या गहन भागात मी शिरणार नाही. मात्र वर्षानुवर्षे वह्या तपासून माझे एक मत बनले आहे. विजेची उदाहरणे गुणाकार-भागाकारापायी फारच थोडी चुकतात. ह्या परिपथात कोणती गोष्ट कायम आहे आणि कोणती बदलते, हे पाहण्यापूर्वीच विद्यार्थी सूत्र लिहून मोकळा होतो, आणि बहुतेक चुकांचे मूळ तेथे असते.

ज्या नियमावर हे सारे प्रकरण उभे आहे, तो शोधून काढणारा जॉर्ज सायमन ओहम हा जर्मनीतील कोलोन शहरी शाळेत शिकविणारा मास्तर होता. त्याचे वडील कुलुपे करणारे कारागीर. व्होल्टाने १८०० साली जगापुढे मांडलेली विद्युतघटमाला ओहमच्या हाताशी होती. परंतु तिचे विभवांतर एकसारखे ढळे, आणि त्यामुळे तार बदलल्याने धारा किती बदलली व घट दुर्बळ झाल्याने किती बदलली, हे त्यास निवडून काढता येईना. तेव्हा त्याने ती बाजूस सारली व बिस्मथ आणि तांबे ह्यांचा जोड घेऊन त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे वितळत्या बर्फात ठेवले. ही दोन्ही तापमाने ठरलेली. सबब विभवांतरही स्थिर राहिले. मग तारेची लांबी तेवढी बदलून त्याने धारा मोजली. १८२७ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्वदेशी त्याची प्रथम उपेक्षाच झाली, आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास कॉप्ले पदक दिले. म्हणजे हा नियम हाती आला तोच मुळी एक गोष्ट कायम धरल्यामुळे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. पाठ्यपुस्तकात नियमाआधी ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ असे शब्द असतात. मुले ते घाईने म्हणून टाकतात. परंतु नियमाचा अर्धा जीव त्या शब्दांत आहे.

आता एक उदाहरण घेऊ. माझ्यापुढे फळा नाही. सबब आपणच कागद-पेन्सिल घ्यावी. १८ व्होल्टची एक बॅटरी काढावी. तिच्या एका टोकापासून निघालेल्या तारेत प्रथम ४ ओहमचा रोध आहे. त्यापुढे तार दुभंगते. एका फाट्यात ३ ओहम व दुसऱ्यात ६ ओहमचा रोध आहे. मग दोन्ही फाटे पुन्हा एक होऊन बॅटरीच्या दुसऱ्या टोकास मिळतात. प्रत्येक रोधातून किती धारा वाहते?

घाई करणारा विद्यार्थी १८ ला ३ ने भागतो, ६ ने भागतो आणि ६ अँपिअर व ३ अँपिअर अशी उत्तरे लिहून टाकतो. पण १८ व्होल्ट हे त्या दोन फाट्यांच्या वाट्याला आलेलेच नाहीत. काही भाग वाटेतल्या ४ ओहमात खर्च झाला आहे. म्हणून आधी पेन्सिलीचे टोक बॅटरीवर ठेवून धारेच्या मागोमाग चालावे. जेथे वाट एकच आहे तेथे धारा कायम, ही एकसर जोडणी. जेथे वाट फुटते व पुन्हा मिळते, तेथे दोन्ही वाटांची टोके तीच असल्यामुळे विभवांतर कायम, ही समांतर जोडणी. एवढे ठरले की बाकीचे काम हिशेबाचे. ३ व ६ ओहम समांतर म्हणजे एकतृतीयांश अधिक एकषष्ठांश, बरोबर एकद्वितीयांश; ते उलटून २ ओहम. त्यात ४ मिळवून ६. १८ भागिले ६, म्हणून मुख्य धारा ३ अँपिअर. ती ४ ओहमातून जाताना १२ व्होल्ट घेते. उरले ६ व्होल्ट. ६ भागिले ३ म्हणजे २ अँपिअर, ६ भागिले ६ म्हणजे १ अँपिअर; मिळून पुन्हा ३. ताळा जमला.

येथे कित्येक मुले एकद्वितीयांश उलटायचेच विसरतात आणि अर्धा ओहम उत्तर धरून पुढे जातात. समांतर जोडणीचा रोध सर्वांत लहान रोधाहून लहान असतो, एवढाच ताळा त्यांना ठाऊक असतो, आणि अर्धा हा ३ पेक्षा लहान असल्यामुळे चूक पकडली जात नाही. तेव्हा आणखी एक खूण सांगून ठेवतो. दोनच रोध समांतर असतील, तर उत्तर लहान रोधाच्या निम्म्याहून कधीही खाली जात नाही. येथे ते दीड व ३ ह्यांच्या दरम्यान पडले पाहिजे. अर्धा ओहम त्या कुंपणाबाहेर आहे.

एकसर जोडणीत पहिला दिवा धारा खाऊन टाकतो व दुसऱ्यास उरलीसुरली मिळते, अशी एक समजूत मुलांच्या मनात खोल रुजलेली असते. ह्याला आम्ही मास्तरही थोडे जबाबदार, कारण आम्ही विजेला पाटाच्या पाण्याची उपमा देतो. आणि पाटाचे पाणी तर वाफ्यात मुरते! सायकलची साखळी ही उपमा मला अधिक बरी वाटते. साखळीची कोणतीही कडी पाहा, सगळ्या एकाच वेगाने सरकतात. मागच्या चाकापाशी कडी संपून जात नाही. खर्च होतो तो पायाचा जोर. तद्वत परिपथात धारा जेवढी निघते तेवढीच परत येते, आणि वाटेत खर्च होते ती ऊर्जा.

आता सर्वांत घोटाळ्याच्या जागी येऊ. पुस्तकात एके ठिकाणी लिहिलेले असते की, शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. म्हणजे रोध वाढला की उष्णता वाढते. दुसऱ्या ठिकाणी असते की, शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. म्हणजे रोध वाढला की उष्णता घटते. चौकस विद्यार्थी विचारतो, ह्यांतले खरे कोणते? दोन्ही खरी. पहिल्या विधानात धारा कायम धरली आहे, दुसऱ्यात विभवांतर.

तारेच्या जुन्या पद्धतीचे दोन दिवे कल्पनेत घ्या, एक १०० वॅटचा व एक ४० वॅटचा, दोन्ही २३० व्होल्टचे. २३० चा वर्ग ५२,९००. त्यास १०० ने भागले की ५२९ ओहम, ४० ने भागले की १३२२.५ ओहम. लहान दिव्याचा रोध मोठा, ही गोष्टच प्रथम अनेकांना चकित करते. घरातील जोडणी समांतर, विभवांतर कायम, सबब कमी रोधाचा १०० वॅटचा दिवा अधिक उजळ. हेच दोन दिवे एकसर जोडले तर एकूण रोध १८५१.५ ओहम, धारा सुमारे ०.१२४ अँपिअर. आता धारा कायम आहे. ४० वॅटच्या दिव्यास सुमारे २० वॅट आणि १०० वॅटच्या दिव्यास अवघे ८ वॅट मिळतात. धाकटा दिवा वडील दिव्याहून प्रखर! तार तापली की तिचा रोध वाढतो, म्हणून प्रत्यक्षात हे आकडे थोडे हलतील. परीक्षेत रोध तोच धरावयाचा असतो. हल्ली घरोघर आलेल्या एल.ई.डी. दिव्यांना मात्र हा हिशेब लावू नये. त्यांची आतली रचनाच निराळी आहे.

हा विचार परीक्षेच्या मंडपापुरताच नाही. आमच्या कपाशीच्या शिवारात विहिरीवरची मोटार खांबापासून २०० मीटर दूर असणे, ही नित्याची गोष्ट होय. समजा, मोटार २३० व्होल्टची व १० अँपिअर घेणारी आहे आणि केबलची तांब्याची तार अडीच चौरस मिलिमीटर जाडीची आहे. विद्यार्थी लांबी २०० मीटर धरतो. परंतु धारेला जाऊन परत यायचे आहे, म्हणून लांबी ४०० मीटर. तांब्याची रोधकता १.७ गुणिले १० चा उणे आठवा घात ओहम-मीटर. त्यावरून रोध २.७२ ओहम येतो. १० अँपिअरला २७ व्होल्ट वाटेतच गेले, म्हणजे शेकडा सुमारे १२, आणि २७२ वॅट केबल तापविण्यात फुकट. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हाच तोटा १७० वॅटवर येतो. तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, हेही खरेदीच्या वेळी पाहावे.

मोटारीस २०३ व्होल्ट मिळाले. मग ओहमच्या नियमाप्रमाणे ती कमी धारा घेईल काय? शेगडी असती तर घेतली असती, कारण शेगडीत रोध कायम असतो. मोटारीत कायम आहे तो भार: तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवावयाचे आहे. व्होल्टेज पडले की ती धारा वाढवून ते काम पुरे करू पाहते. १० च्या जागी १३ अँपिअर झाले तर वेटोळ्यातील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात, १०० ची १६९, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट होते. उन्हाळ्यात कमी दाबावर मोटारी जळतात त्या अशा. रिवाइंडिंगचा खर्च ज्याच्या अंगावर येतो त्यास हा धारेचा वर्ग पुन्हा शिकवावा लागत नाही.

वीज दूर नेताना दाब एवढा उंच का ठेवतात, हेही ह्यातच आले. अकोला जिल्ह्यातील पारसच्या औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या तारा पाहून मुले हे विचारतात. एक लाख वॅट शक्ती १ ओहमच्या तारेतून पाठवावयाची आहे असे समजू. २३० व्होल्टवर धारा ४३५ अँपिअर लागेल व तारेतच ४३५ व्होल्ट खर्च होतील. म्हणजे जवळ आहेत त्याहून अधिक. काम अशक्य! ११,००० व्होल्टवर धारा जेमतेम ९ अँपिअर, आणि तोटा सुमारे ८३ वॅट.

आता हिशेब शरीराचा. संग्रामपूर तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी विजेला जवळजवळ वाट देत नाही. विरघळलेल्या क्षारांमुळे मात्र ती वाट खुली होते. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो. ती ओली झाली की तो हजाराच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. माणसाच्या बचावासाठी घरी बसविण्याचे जे गळती ओळखणारे स्विच असतात, ते ३० मिलिअँपिअरवरच वीज तोडतात. ह्या दोन आकड्यांमधील अंतर मुलांनी वडीलधाऱ्यांना दाखवावे. भूसंपर्क तारेवर परीक्षेत दोन गुणांची टीप येते. तीच तार विहिरीवर आहे की नाही व तिचा जोड गंजला आहे काय, हे तिकडे जाणकार तारतंत्र्याकडून पाहून घ्यावे.

प्रयोग करावयाचे तर घरच्या विजेवर मुळीच करू नयेत. दीड व्होल्टचे दोन सेल, विजेरीचे दोन सारखे दिवे आणि हातभर तार एवढे पुरे आहे. दिवे प्रथम एकसर व मग समांतर जोडावेत. प्रत्येक वेळी एक दिवा काढल्यास दुसऱ्याचे काय होईल, हे आधी कागदावर लिहावे, आणि मगच दिवा काढावा.